शिअर वॉल तपासणीत पुन्हा पुन्हा अडकते तेव्हा: लाकडी घराच्या भिंतीतील दोष कोठे शोधावा

कॅलिफोर्नियात घराला एखादी खोली वाढवणाऱ्या, गॅरेजवर मजला चढवणाऱ्या किंवा मधली भिंत काढून दिवाणखाना मोठा करणाऱ्या मराठी कुटुंबांकडून मला एकच तक्रार वारंवार ऐकू येते. शहराचा इन्स्पेक्टर येतो, शिअर वॉल, म्हणजे भूकंपाचा आडवा धक्का पेलणारी भिंत, नकाशाप्रमाणे नाही असा शेरा लिहून जातो. कंत्राटदार आणखी शंभर-दोनशे खिळे ठोकतो. इन्स्पेक्टर दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा सही न करता परत जातो. ड्रायवॉलवाले, म्हणजे भिंतींना आतून जिप्सम बोर्ड लावणारे, खोळंबतात, पाऊस तोंडावर आलेला असतो, आणि घरातल्या माणसांना वाटू लागते की इन्स्पेक्टर मुद्दाम अडवतो आहे. मी या क्षेत्रात स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करतो आणि अशा अनेक अर्धवट घरांत हातात टॉर्च घेऊन फिरलो आहे. या दुखण्याचे मूळ प्लायवुडमध्ये क्वचितच सापडते. ते प्लायवुडच्या कडेला, भिंतीच्या टोकाच्या खांबात, खालच्या सिल प्लेटमध्ये किंवा छताशी होणाऱ्या जोडात दडलेले असते, आणि दुरुस्ती मात्र डोळ्यांना सहज दिसणाऱ्या जागी, म्हणजे प्लायवुडच्या मधोमध, केली जाते.

दोष शोधण्यापूर्वी ही भिंत काय काम करते ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण भारतात विटांच्या किंवा आरसीसीच्या घरात वाढलेल्या माणसाचा अंदाज येथे हमखास चुकतो. चार पट्ट्या कोपऱ्यांत खिळ्यांनी जोडून एक चौकट करा आणि वरची पट्टी बाजूला ढकला. चौकट लगेच तिरकी होते. त्याच चौकटीवर एक फळी चहूबाजूंनी ठोकली की ती हलत नाही. लाकडी घरात उभे स्टड, वरची टॉप प्लेट आणि खालची सिल प्लेट ही झाली चौकट, आणि तिच्यावर ठोकलेले प्लायवुड किंवा ओएसबी (लाकडाच्या चिपा दाबून केलेली शीट) ही झाली फळी. भूकंपाचा आडवा धक्का छतातून किंवा वरच्या मजल्यातून भिंतीच्या माथ्यावर येतो. तो धक्का भिंतीने पायापर्यंत पोचवायचा असतो, आणि त्या प्रवासात भिंतीला तिरके होण्यापासून, पायावरून घसरण्यापासून आणि एका टोकाने उचलले जाण्यापासून रोखायचे असते. या तीन गोष्टींसाठी तीन वेगळ्या वस्तू लागतात. तिरके होणे प्लायवुडच्या कडेचे खिळे रोखतात, घसरणे सिल प्लेटला पायाशी बांधणारे अँकर बोल्ट रोखतात आणि उचलले जाणे होल्ड-डाउन, म्हणजे टोकाच्या खांबाला पायातल्या रॉडशी बांधणारा लोखंडी जोड, रोखतो. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.

"लाकडाचे घर, म्हणजे कच्चे घर" हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे, म्हणून एक गोष्ट येथेच सांगतो. भूकंपाचे बल इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जी हजारो माणसे दगावली, त्यांच्यावर मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि धाब्याचे जड माळवद कोसळले होते. कॅलिफोर्नियाचे लाकडी घर हलके असते, ही त्याची फार मोठी जमेची बाजू आहे. मात्र ते बल जेवढे काही येईल तेवढे वाहून नेण्याचे काम तेथे खिळे आणि बोल्ट करतात, आणि म्हणून इन्स्पेक्टर खिळे मोजत बसतो.

आकड्यांत पाहू. भिंत ८ फूट उंच आणि ४ फूट लांब आहे आणि तिच्या माथ्यावर १,५०० पौंडांचे आडवे बल येते असे धरा. लांबीच्या प्रत्येक फुटावर ३७५ पौंड येतात. स्टड डग्लस फर या लाकडाचे, शीट १५/३२ इंच जाडीची आणि खिळे ८डी कॉमन (८डी हे अमेरिकेतले खिळ्याचे माप) असतील, तर कडेला ६ इंचांवर खिळे असताना भूकंपासाठी डिझाइनमध्ये फुटाला २६० पौंड धरता येतात, ४ इंचांवर ३८०, ३ इंचांवर ४९० आणि २ इंचांवर ६४०. म्हणजे या भिंतीला कडेने ४ इंचांवर खिळे हवेत. आता उचलण्याचे बल पाहा: १,५०० गुणिले ८, भागिले ४, म्हणजे ३,००० पौंड, साधारण १,३६० किलो. वरून येणाऱ्या वजनामुळे त्यातले काही कमी होते, तर होल्ड-डाउन टोकापासून थोडा आत असल्यामुळे ते थोडे वाढतेही. एवढ्या लहान भिंतीच्या एका कोपऱ्याला एखादी मोटारगाडी वर ओढते आहे असे समजा. धक्का उलटा आला की तेच बल दुसऱ्या कोपऱ्याला येते, म्हणून दोन्ही टोके सारख्याच काळजीने पाहावी लागतात.

खिळे: मोजण्याआधी खोका वाचा

पहिली तपासणी भिंतीपाशी करू नका. नेल गनमध्ये जे खिळे भरले जात आहेत त्यांचा खोका मागून घ्या आणि त्यावरील व्यास वाचा. ८डी कॉमन खिळा ०.१३१ इंच जाडीचा आणि अडीच इंच लांबीचा असतो. त्याच लांबीचा ८डी बॉक्स खिळा ०.११३ इंचाचा असतो. भिंतीत शिरल्यावर दोघांची डोकी जवळपास सारखी दिसतात, दोघांनाही कामावरची माणसे "८डी" म्हणतात, आणि बारीक खिळा गनमधून सुरळीत सुटतो म्हणून तो अनेकांना सोयीचा वाटतो. नकाशावर कॉमन लिहिले असेल आणि भिंतीत ०.११३ चे खिळे असतील, तर अंतर बिनचूक असूनही भिंत हिशोबापेक्षा कमजोर आहे. यावर उपाय आहे: प्रत्यक्षात ठोकलेल्या खिळ्याचा व्यास इंजिनिअरला कळवावा, तो त्या व्यासासाठी फेरहिशोब करून मधल्या जागांत किती जादा खिळे हवेत ते लिहून देईल. अंदाजाने "डबल ठोकून टाकू" असे म्हणणाऱ्याला थांबवावे. त्याचे कारण पुढे येते.

दुसरा दोष खिळ्याच्या डोक्याचा. डोके शीटच्या पृष्ठभागाशी समपातळीत बसायला हवे. कॉम्प्रेसरचा दाब जास्त असला की गन खिळा आत घुसवते, डोक्याभोवती खोलगट वाटी तयार होते आणि प्लायवुडचे वरचे थर तुटतात. लहान पोलादी पट्टी डोक्यावर आडवी धरली की हे लगेच दिसते, कारण पट्टीखालून टॉर्चचा उजेड आरपार जातो. याचे महत्त्व समजण्यासाठी धक्क्याच्या वेळी काय होते ते डोळ्यांसमोर आणावे. चौकट तिरकी होऊ पाहते, शीट आपला चौकोनी आकार सोडत नाही, आणि त्या दोघांमधल्या ओढाताणीत कडेचा प्रत्येक खिळा पुढे-मागे वाकतो. हे वाकणे आपल्याला हवेच असते, कारण धक्क्याची ऊर्जा त्यातच खर्च होते. अमेरिकेच्या इमारत संहितेत प्लायवुडच्या शिअर वॉलला ६.५ हा उदार आर-गुणांक (धक्क्याची ऊर्जा पचवण्याच्या क्षमतेचा आकडा) मिळतो आणि जिप्सम बोर्डासारख्या आच्छादनाच्या भिंतीला फक्त २ मिळतो, त्यामागे हेच वाकणारे खिळे आहेत. डोके शीटमध्ये अर्धे घुसलेले असेल, तर खिळा वाकण्याआधीच शीट त्याच्या डोक्यावरून ओढली जाऊन सुटते. मग हळूहळू दमणारी भिंत एकाएकी सोडून देते.

येथे घाबरून सगळी शीट उपटण्याची गरज नसते. अमेरिकेतील इंजिनिअर्ड लाकूड उत्पादकांची संस्था एपीए हिचे मार्गदर्शन असे आहे की शीटच्या कडेच्या २० टक्क्यांपर्यंत खिळे १/८ इंचापर्यंत जास्त आत गेले असतील तर त्यांकडे दुर्लक्ष करता येते, आणि त्याहून जास्त असतील किंवा त्याहून खोल गेले असतील तर अशा दर दोन खिळ्यांमागे एक नवा खिळा मारावा. मूळचे अंतर इतके कमी असेल की नव्या खिळ्याने लाकूड फाटेल, तर इंजिनिअरला विचारून वेगळा उपाय करावा. हा दोष पुढे टाळण्याची रीत साधी आहे. गनचा दाब थोडा कमी ठेवावा, खिळा किंचित वर राहू द्यावा आणि शेवटचा फटका हातोडीने द्यावा. चांगले सुतार हेच करतात, आणि त्यांच्या भिंती पहिल्याच फेरीत पास होतात.

तिसरा दोष घराच्या आतून दिसतो. बाहेरून खिळ्यांची रांग सुतासारखी सरळ असते, पण आत गेल्यावर स्टडच्या बाजूने चार-पाच खिळ्यांची टोके चमकताना दिसतात. ते खिळे लाकडाला चुकून हवेत गेलेले असतात आणि भिंतीच्या हिशोबात त्यांची किंमत शून्य असते. प्रत्येक स्टडच्या दोन्ही बाजूंवरून टॉर्चचा झोत वरून खाली फिरवा. असा खिळा उपटून त्याच्याजवळ, जुने भोक टाळून, नवा खिळा लाकडात बसवावा.

आता जादा खिळ्यांविषयी. साधा स्टड प्रत्यक्षात दीड इंच जाड असतो. दोन शीट त्याच्यावर एकमेकांना भेटतात, त्यांच्यात १/८ इंचाची फट ठेवावी लागते, आणि प्रत्येक खिळा शीटच्या कडेपासून किमान ३/८ इंच आत असावा लागतो. एवढे सगळे केल्यावर खिळ्यापासून स्टडच्या कडेपर्यंत बोटाच्या नखाएवढेही लाकूड उरत नाही. तेथे २ इंचांवर खिळ्यांच्या दोन रांगा मारल्या की स्टड मधून उभा चिरतो आणि चिरलेल्या लाकडात खिळ्याला पकड राहत नाही. म्हणून जेथे कडेचे खिळे २ इंचांवर असतात, किंवा १०डी खिळे ३ इंचांवर असतात, तेथे जोडावर नाममात्र ३ इंची, म्हणजे प्रत्यक्षात अडीच इंच जाडीचा स्टड आणि नागमोडी रांगेत मारलेले खिळे मागितले जातात. नकाशात ३ इंची स्टड दाखवला असताना साधा स्टड बसवला गेला असेल, तर शीट काढण्याआधी इंजिनिअरला विचारा. शेजारी दुसरा स्टड लावून आणि दोघांना हिशोबाने जोडून बरेचदा मार्ग निघतो.

टोकाचा खांब: सगळ्यात जास्त वेळा चुकणारी जागा

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ईस्ट बेमधल्या एका परिचित कुटुंबाच्या घराची गोष्ट येथे सांगायला हवी. मागच्या बाजूला एक बेडरूम वाढवली जात होती आणि शिअर वॉलवर दुसऱ्यांदा शेरा आला होता. शनिवारी सकाळी मी पोचलो तेव्हा कंत्राटदार स्वतः तेथे हजर होता. मनापासून काम करणारा माणूस होता, आणि त्याने पहिल्या शेऱ्यानंतर सगळ्या कडांवर खिळे वाढवले होते. शेऱ्याचा कागद मागून घेतला. त्यावर "एच. डी. पोस्टला ई. एन." एवढेच लिहिलेले होते. ई. एन. म्हणजे कडेचे खिळे आणि एच. डी. म्हणजे होल्ड-डाउन. त्याने कडेचे खिळे एवढाच अर्थ घेतला होता, आणि कोणत्या कडेचे हे वाचायचे राहून गेले होते.

मी बाहेरून पट्टी लावली. ४ इंच, ४ इंच, ४ इंच, एकही चूक नाही. मग आत जाऊन कोपऱ्यासमोर बसलो. कोपऱ्यात एक साधा स्टड होता, त्याला चिकटून चार बाय चारचा खांब होता आणि होल्ड-डाउनचे जाड स्क्रू त्या खांबात घट्ट बसवलेले होते. होल्ड-डाउन योग्य क्रमांकाचा, रॉड योग्य जाडीचा. पण बाहेरची खिळ्यांची रांग कोठे उतरली होती? ती साध्या स्टडमध्ये होती. खांबाच्या पुढच्या तोंडावरून मी हात फिरवला, शीटच्या मागच्या बाजूला टॉर्च धरली, आणि वरपासून खालपर्यंत एकही खिळा त्यात आलेला नव्हता. स्टड आणि खांब एकमेकांना पाच-सहा खिळ्यांनी जोडले होते, तेही फक्त जागेवर उभे राहावेत म्हणून.

वरच्याच उदाहरणाचे आकडे येथे लावून पाहा. ८ फूट उंचीच्या कडेवर ४ इंचांच्या अंतराने सुमारे २४ खिळे बसतात आणि ३,००० पौंडांचे उचलण्याचे बल त्यांच्यात वाटले जाते, प्रत्येकी साधारण १२५ पौंड. ते २४ खिळे शीटमधून बल घेऊन स्टडमध्ये सोडतात. होल्ड-डाउन मात्र शेजारच्या खांबाला धरून बसला आहे. मग स्टडमधले ते बल खांबापर्यंत नेणार कोण? पाच-सहा खिळे ते नेऊ शकत नाहीत. स्टड वर उचलला जाईल आणि खांब, त्याचा महागडा होल्ड-डाउन आणि पायातला रॉड जागच्या जागी राहतील. कामाला माणसे आहेत, साहित्यही उत्तम आहे, आणि फक्त दोन लाकडांमधला हात सुटलेला आहे.

उपाय एका दुपारचा होता. शीट खांबावरूनही पुढे गेलेली असल्यामुळे खांबाच्या मध्यरेषेवर कडेच्या अंतरानेच खिळ्यांची आणखी एक रांग मारली. शीट जेथे खांबापर्यंत पोचत नाही तेथे स्टड आणि खांब एकमेकांना लांब स्ट्रक्चरल स्क्रूंनी जोडता येतात, पण त्या स्क्रूंची संख्या आणि अंतर इंजिनिअरने हिशोब करून सहीच्या कागदावर द्यायला हवे, कारण इन्स्पेक्टर तोच कागद मागतो. ही चूक एवढी वारंवार का होते? कोपऱ्यात ड्रायवॉल ठोकायला लाकूड हवे असते म्हणून सुतार एक स्टड जास्त घालतो, आणि नेमका तोच स्टड शीटची कड आणि खांब यांच्यामध्ये येतो. घरमालकाने स्वतः जाऊन पाहावी अशी एकच जागा निवडायला मला कोणी सांगितले, तर मी हा कोपरा निवडेन.

होल्ड-डाउनच्या खालच्या बाजूलाही पाहून घ्यावे. रॉड खांबापासून दूर आला म्हणून तो ठोकून वाकवलेला असेल, तर ते काम कोणीही मान्य करू नये. वाकलेला रॉड आधी सरळ होण्यात ताणला जातो आणि तेवढ्यात भिंत उचललेली असते. काँक्रीट ओतताना रॉड राहूनच गेला असेल, तर भोक पाडून एपॉक्सीने नवा रॉड बसवता येतो. त्यासाठी इंजिनिअरची परवानगी लागते आणि भोक पुरेसे खोल व धूळविरहित आहे की नाही हे पाहण्यासाठी बहुधा विशेष तपासणीही लागते. शेवटी, नट हाताने फिरवून पाहा. ओले लाकूड वाळताना आकसते आणि दोन महिन्यांपूर्वी घट्ट असलेला नट सैल होतो. ड्रायवॉल लागण्याच्या आदल्या आठवड्यात सगळे नट पुन्हा आवळून घ्यावेत.

सिल प्लेट आणि पाया

येथे दोष सहसा दोन असतात. पहिला म्हणजे वॉशर. अँकर बोल्टच्या नटाखाली साधा गोल वॉशर चालत नाही, तर ३ बाय ३ इंचांचा, ०.२२९ इंच जाडीचा चौकोनी प्लेट वॉशर हवा, आणि त्याची कड सिल प्लेटच्या प्लायवुडकडील कडेपासून अर्ध्या इंचाच्या आत यायला हवी. शीट सिल प्लेटला एका कडेने वर खेचते आणि बोल्ट तिला मधोमध धरून ठेवतो, त्यामुळे प्लेट लांबीच्या दिशेने उभी चिरते. लॉस एंजेलिसमधील नॉर्थरिजच्या १९९४ च्या भूकंपानंतर अशा चिरलेल्या प्लेट पाहायला मिळाल्या. बोल्टचे भोक प्लेटच्या आतल्या बाजूला सरकलेले असेल तर चौकोनी वॉशरही कडेपर्यंत पोचत नाही. अशा वेळी भोकाला खाच असलेला मोठा वॉशर मिळतो. वॉशर, नट आणि कुजू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या लाकडात जाणारे खिळे गरम जस्तलेपाचे असावेत, कारण आजच्या प्रक्रियेतील तांब्याची रसायने साध्या लोखंडाला लवकर गंजवतात.

दुसरा दोष प्लंबरचा. फ्रेमिंग पास झाल्यावर सांडपाण्याचा पाइप न्यायला तो येतो आणि सिल प्लेट चार इंच कापून मोकळा होतो. कापलेल्या ठिकाणी प्लेटचे दोन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाजवळ, १२ इंचांच्या आत, बोल्ट लागतो. तोच प्रकार ड्रायरच्या व्हेंटचा आणि विजेच्या मीटरच्या पेटीचा. शिअर वॉलमध्ये भोक पाडण्याआधी विचारायचे असते, हे प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांना कोणी सांगितलेलेच नसते. नकाशात ज्या भिंती शिअर वॉल म्हणून दाखवल्या आहेत त्यांवर आतून लाल रंगाच्या स्प्रेने "कापू नये" असे इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये ठळक लिहून ठेवावे. मी हे प्रत्येक घरी करायला सांगतो.

माथा: भिंत छतापर्यंत पोचते का

जुन्या घरात आतली भिंत शिअर वॉल करताना हा प्रश्न हटकून येतो. भिंतीवर प्लायवुड ठोकले, खाली होल्ड-डाउन बसवले, सगळे देखणे झाले, पण भिंत खोलीच्या सीलिंगपाशी संपते आणि छत तिच्या चार फूट वरून जाते. मग छताचे बल त्या भिंतीत उतरणार कसे? माळ्यावर चढा आणि भिंतीच्या टॉप प्लेटवर टॉर्च टाका. तेथून छताच्या प्लायवुडपर्यंत ब्लॉकिंग (मध्ये बसवलेले लाकडी ठोकळे), ट्रस (छताचा त्रिकोणी सांगाडा) किंवा छोटी भिंत यांपैकी काहीतरी अखंड गेलेले दिसले पाहिजे आणि प्रत्येक जोडावर धातूचे क्लिप किंवा खिळे दिसले पाहिजेत. बाहेरच्या भिंतीवर राफ्टरच्या, म्हणजे छताच्या तिरक्या वाशांच्या, मधले ब्लॉक पाहा. हवा खेळण्यासाठी ते काढून टाकलेले किंवा लहान केलेले असतात. तसेच भिंत छताच्या एकूण लांबीपेक्षा लहान असेल, तर उरलेल्या लांबीतले बल तिच्यापर्यंत ओढून आणणारी अखंड टॉप प्लेट हवी, आणि तिच्या जोडावर लोखंडी पट्टी.

गॅरेजच्या दाराशेजारची अरुंद भिंत

१७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे ४ वाजून ३१ मिनिटांनी लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागात ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि नॉर्थरिज मेडोज या तीन मजली लाकडी इमारतीचा तळमजला वरच्या मजल्यांखाली दबला. तेथे १६ माणसे मरण पावली. १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोच्या मरिना भागातील इमारतीही तळमजल्यावरच बसल्या होत्या. खाली गाड्यांसाठी मोकळी जागा आणि भिंती नावापुरत्या, हा त्यांतला समान धागा. सॅन फ्रान्सिस्कोने २०१३ मध्ये आणि लॉस एंजेलिसने २०१५ मध्ये अशा जुन्या अनेक-कुटुंबी इमारती मजबूत करण्याची सक्ती केली. एका कुटुंबाच्या घराला ती सक्ती लागू नसली, तरी गॅरेजवर बेडरूम असलेल्या घराची अडचण त्याच जातीची असते.

नियम असा की प्लायवुडच्या शिअर वॉलची उंची तिच्या लांबीच्या साडेतीन पटींहून अधिक चालत नाही, आणि दुपटीहून पुढे गेली की धरता येणारी ताकदही कमी होत जाते. ८ फूट उंच भिंतीला म्हणजे किमान २७ इंचांहून थोडी जास्त लांबी हवी, ९ फूट उंच भिंतीला जवळपास ३१ इंच. गॅरेजच्या दाराच्या बाजूला बहुतेक घरांत १६ ते १८ इंच उरतात. तेथे कितीही जाड प्लायवुड लावले आणि कितीही खिळे ठोकले तरी कागदावर ती शिअर वॉल होत नाही, आणि इन्स्पेक्टरने वारंवार परत पाठवलेल्या भिंतींत ही एक नेहमी असते. मार्ग तीन आहेत. तयार मिळणारे अरुंद पोलादी पॅनल बसवता येते, दाराच्या वरच्या तुळईला धरून संहितेतील पोर्टल फ्रेम करता येते, किंवा पोलादी मोमेंट फ्रेम (ताठ सांध्यांची चौकट) घालता येते. तिन्हींत पाया पुरेसा आहे का हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, कारण अरुंद भिंतीत तेवढ्याच आडव्या बलासाठी उचलण्याचे बल फार मोठे होते. १,५०० पौंडांचेच उदाहरण १८ इंचांवर करून पाहिले, तर ३,००० च्या जागी ८,००० पौंड येतात.

जुने घर: मजल्याखालची बुटकी भिंत

१९८० पूर्वीच्या उंचावलेल्या जोत्याच्या घरात पाया आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये दोन-तीन फुटांची लाकडी भिंत असते, तिला क्रिपल वॉल म्हणतात. तिच्यावर प्लायवुड नसेल आणि सिल प्लेट पायाला बोल्टने बांधलेली नसेल, तर अख्खे घर एका बाजूला सरकून खाली बसते. क्रॉल स्पेसमध्ये, म्हणजे मजल्याखालच्या बुटक्या पोकळीत, उतरून हे अर्ध्या तासात पाहता येते. दुरुस्तीत अडकवणारी जागा ठरलेली आहे: जुनी सिल प्लेट स्टडपेक्षा रुंद असते, त्यामुळे आतून ठोकलेले प्लायवुड तिच्या तोंडापर्यंत पोचत नाही आणि खालची कड मोकळी राहते. प्लेटवर स्टडच्या मधे ब्लॉक बसवून, ते प्लेटला खिळ्यांनी पक्के करून, मग प्लायवुड त्या ब्लॉकना ठोकावे. हवेच्या झरोक्यांसमोर प्लायवुडला भोके ठेवायला विसरू नये, नाहीतर आतली लाकडे कुजतात. राज्याच्या अर्थक्वेक ब्रेस प्लस बोल्ट योजनेतून पात्र घरांना ३,००० डॉलरपर्यंत अनुदान मिळते. पाया विटांचा असेल तर मात्र आधी इंजिनिअर बोलवावा.

पुढची तपासणी मागण्यापूर्वी

शेऱ्याचा मूळ कागद वाचा आणि त्यातल्या प्रत्येक संक्षेपाचा अर्थ इन्स्पेक्टरला फोन करून विचारा. ते सांगतात, आणि विचारले याचे त्यांना बरे वाटते. नकाशातला शिअर वॉलचा तक्ता छापून प्रत्येक भिंतीवर तिचा क्रमांक, खिळ्याचा प्रकार, कडेचे अंतर आणि होल्ड-डाउनचा क्रमांक खडूने लिहा. मग माथ्यापासून पायापर्यंत एकेक भिंत पाहत या: छताचा जोड, टॉप प्लेट, कडेचे खिळे, टोकाचे खांब, नट, वॉशर, कापलेल्या जागा. टेप लावून फोटो काढा, कारण पुढे दहा वर्षांनी कोणी खिडकी मोठी करायची म्हटले की भिंतीच्या आत काय आहे हे त्या फोटोंतूनच कळेल. डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला प्रत्यक्ष येऊन पाहण्याची विनंती इन्स्पेक्टरच्या भेटीआधी करा. त्याच्या दोन तासांच्या फीपेक्षा खोळंबलेल्या एका आठवड्याचा खर्च जास्त असतो.

ईस्ट बेमधल्या त्या घरी खांबात खिळ्यांची रांग मारून झाल्यावर आम्ही बाकीचे तीन कोपरेही पाहिले. त्यांतल्या एकात तीच चूक निघाली, आणि तिच्यावर अजून शेरा आलेला नव्हता. कंत्राटदाराने तीही त्याच दुपारी दुरुस्त केली. बुधवारी इन्स्पेक्टर आला तेव्हा तो बाहेरच्या खिळ्यांकडे न पाहता सरळ आत गेला, गुडघे टेकून चारही खांबांवर टॉर्च टाकली, दोन नट हाताने फिरवून पाहिले आणि कार्डावर सही केली.